मीटरवरचा खरा आकडा

जुनी चारचाकी पाहायला गेलेला माणूस बॉनेट उघडायला लावण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतो, तो म्हणजे 'रनिंग किती झालंय?' मायलेज हा मूळचा मैल मोजणारा शब्द आपण लिटरमागे गाडी किती जाते यासाठी राखून ठेवला आणि ती आजवर एकूण किती पळाली यासाठी 'रनिंग' हा वेगळा शब्द रूढ केला. उत्तर चाळीस-पन्नास हजार आले की विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो, दीड लाख आले की तो गाडीभोवती एक औपचारिक फेरी मारून 'कळवतो' म्हणतो आणि कळवत नाही. या एका सवयीने आपला जुन्या गाड्यांचा बाजार बिघडवला आहे आणि शासनाच्या धोरणाने, ती सवय मोडण्याऐवजी, गाडीचे चालणे मोजायचेच सोडून फक्त तिचे वय मोजायला घेतले आहे, असे माझे मत आहे. खूप चाललेली गाडी रोजच्या वापराला घेणे हा बहुतेक वेळा शहाणपणाचा व्यवहार असतो. मात्र तो शहाणपणाचा ठरण्यासाठी मीटरवरचा आकडा खरा असावा लागतो, आणि तो खरा आहे हे सांगणारी कोणतीही सार्वजनिक नोंद आपल्याकडे नाही.

२०१७ साली मी जी गाडी घेतली ती २००८ च्या पासिंगची, डिझेलवर चालणारी आणि लांब पाठीची, म्हणजे छत थेट मागच्या दारापर्यंत नेलेल्या, ज्याला इस्टेट म्हणतात त्या बांधणीची होती. मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर होते. कराडच्या नोकरीसाठी रोज येऊन-जाऊन ४४ किलोमीटर, अधूनमधून शेतावरची पोती, आईची चाकाची खुर्ची आणि धाकट्या भावाचा तबला-डग्गा असा सगळा प्रपंच तिला वाहायचा होता. इस्टेट ही खरे म्हणजे कुटुंबाची फार सोयीची गाडी असते, कारण तिची बैठक सेडानसारखी खाली, चालवणे सेडानसारखे आणि मागची जागा मात्र टेम्पोला लाजवणारी. तरीही भारतीय ग्राहकाने तिला कधी जवळ केले नाही. डिकी वेगळी दिसली नाही तर गाडीला रुबाब नाही, अशी आपली समजूत होती. पुढे हाच ग्राहक त्याहून उंच आणि अवजड एसयूव्हीसाठी रांगा लावू लागला, तिला तर वेगळी डिकी मुळीच नव्हती, तेव्हा ही समजूत कुठे गेली ते मला उमगलेले नाही.

गंमत अशी, की या नावडत्या बांधणीच्या कितीतरी गाड्या महाराष्ट्रातच बनल्या. टाटांची १९९२ ची इस्टेट पुण्याची, नंतरची इंडिगो मरिनाही पुण्याचीच. फियाटची सिएना वीकेंड कुर्ल्याची आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी तेव्हाच्या औरंगाबादची. मारुतीची बलेनो अल्टुरा आणि ओपेलची कोर्सा स्विंग बाहेरच्या, पण त्यांचे नशीब निराळे नव्हते. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले आणि लांब पाठीला उरलासुरला आधारही गेला. चार मीटरची ती रेघ आजही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्या अलीकडच्या लहान गाड्यांना १८ टक्के जीएसटी आणि पलीकडच्यांना ४० टक्के. गाडीची शेपटी लांब की आखूड हे आपल्याकडे आरेखनकारापेक्षा कर खाते ठरवते. पण जी गाडी नवी असताना कुणाला नको असते ती जुनी झाल्यावर अगदी स्वस्त मिळते, आणि तिच्यातली मागची जागा तर तेवढीच राहते. मला ती १ लाख १० हजारांत मिळाली, त्याचे निम्मे श्रेय तिच्या पाठीला आणि निम्मे मीटरवरच्या आकड्याला होते.

आता या आकड्याकडे जरा शांतपणे पाहू. पुण्याहून मुंबईला आठवड्यातून एकदा जाऊन येणारा माणूस ढोबळमानाने ३०० किलोमीटर गाडी चालवतो, म्हणजे वर्षाला १५ हजार ६०० आणि आठ वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास. या सव्वा लाखातले बहुतेक किलोमीटर गरम झालेल्या इंजिनाने, वरच्या गिअरमध्ये, स्थिर वेगाने आणि क्लचला फारसा पाय न लावता गेलेले असतात. याउलट कोथरूडातून डेक्कनपर्यंत जाणारी, आठ वर्षांत जेमतेम ३५ हजार चाललेली गाडी रोज सरासरी १२ किलोमीटर गेलेली असते, आणि तीही दोन-तीन तुकड्यांत. तिचे इंजिन ऑइल पुरेसे तापायच्या आधीच किल्ली काढली जाते, थंड इंजिनातले न जळालेले इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरत राहते, क्लच प्रत्येक सिग्नलला झिजतो, बॅटरी कधी पुरती भरत नाही, आणि 'गाडी चालली कुठे आहे' म्हणून मालक दोन-दोन वर्षे ऑइल बदलत नाही. या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर बाजार दुसरीला लाखभर रुपये जास्त देईल, पण माझ्या ओळखीचा कोणताही जाणता मिस्त्री रोजच्या वापरासाठी पहिलीकडे बोट दाखवील.

याचा अर्थ किलोमीटरना काही किंमतच नसते असा नाही. दीड लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीत क्लचप्लेट, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक, इंजिनाचे माउंटिंग, पाण्याचा पंप, डिझेल असेल तर इंजेक्टर आणि टर्बो यांची पाळी येतेच. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो कधी बदलला याचे बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे, कारण अनेक इंजिनांत तो धावता तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपते. म्हणून अशी गाडी घेताना तिच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवायची, हा मी पाळलेला हिशेब आहे. मला ३४ हजार लागले. पण ही कामे झाली की पुढची चार-पाच वर्षे गाडी नव्या सुट्या भागांवर चालते, जे चाळीस हजार दाखवणाऱ्या गाडीबद्दल म्हणता येत नाही. तिची कामे अजून व्हायची असतात आणि तिच्या किमतीत ती वजा केलेली नसतात. खूप चाललेल्या गाडीचे दोष उघड असतात, त्यांची यादी करता येते आणि यादीला किंमत लावता येते. शिवाय नव्या गाडीच्या पहिल्या वर्षात जेवढे मूल्य नुसते उभ्या-उभ्या उडून जाते, तेवढ्यात अशा एखाद्या गाडीची पूर्ण किंमत निघते.

मग लोक मोठ्या आकड्याला का घाबरतात? माझ्या मते ते झिजेला घाबरत नाहीत, फसवणुकीला घाबरतात, आणि या भीतीवर त्यांनी शोधलेला उपायच फसवणूक वाढवतो. ग्राहकाला लहान आकडा हवा असतो म्हणून बाजार त्याला लहान आकडा पुरवतो. जुन्या यांत्रिक मीटरमध्ये चाके हाताने मागे फिरवावी लागत आणि कसलेल्या डोळ्याला अंक किंचित वाकडे बसलेले दिसत. आजचे मीटर इलेक्ट्रॉनिक आहे. एकूण किलोमीटर हा एका छोट्या चिपमध्ये साठवलेला आकडा आहे, आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटला उपकरण जोडून तो काही मिनिटांत बदलता येतो. काही महागड्या गाड्यांत हाच आकडा इंजिनाच्या किंवा ब्रेकच्या संगणकातही नोंदलेला सापडतो, पण तो वाचायला यंत्र लागते आणि रस्त्यावर गाडी बघणाऱ्या माणसाजवळ ते नसते.

माझ्या एका सहकाऱ्याने अशीच '४२ हजार, सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी' घेतली. (जुन्या बाजारात विकायला आलेल्या गाड्यांपैकी निम्म्या डॉक्टरांच्या का असतात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.) गाडी सुंदर पुसलेली होती, सीटला नवी कव्हरे होती. घरी आणल्यावर आम्ही दोघांनी टायर पाहिले. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २०१५ च्या गाडीच्या चारही टायरांवर २०२१ चा शिक्का होता, स्टेपनीवर मात्र २०१५ चा. टायरचा पहिला संच ४२ हजारांत बदलला जाऊ शकतो, नाही असे नाही. पण दुसराही संच निम्म्याहून जास्त झिजला होता, क्लचच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा पुसून गुळगुळीत झाल्या होत्या, स्टिअरिंगची डावी-उजवी बाजू चकाकत होती आणि नवे कव्हर वर केल्यावर चालकाच्या सीटचा दाराकडचा कोपरा पार दबलेला दिसला. दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचे एक जुने स्टिकर अर्धवट खरवडलेले होते. त्यावरचे शेवटचे तीन आकडे उरले होते, पहिल्या तिघांच्या जागी नुसते ओरखडे होते. म्हणजे सहा अंकी संख्या. विक्रेत्याने हात झटकले, 'आम्हाला आली तशी दिली' म्हणाला. फसवणुकीची तक्रार करता आली असती, पण ती सिद्ध करायला आधीचा खरा आकडा कुठेतरी लिहिलेला असायला हवा होता. तो कुठेच नव्हता.

मीटर फिरवण्यात सगळ्यात जास्त मार बसतो तो प्रामाणिक विकणाऱ्याला, ही गोष्ट सहसा बोलली जात नाही. ज्याने वेळच्या वेळी ऑइल बदलले, बिले जपली आणि मीटरला हात लावला नाही, त्याची १ लाख ६० हजारांची गाडी शेजारच्या बनावट साठ हजारांपुढे फिकी पडते. एक-दोनदा असे झाले की तोही विचार करू लागतो. 'साहेब, साठ करून देतो, कुणाला कळणार आहे', हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे आणि म्हणणारा मनुष्य वाईट नव्हता. आपण गिऱ्हाइकावर उपकार करतो आहोत अशीच त्याची समजूत होती.

येथे शासनाने मध्ये पडायला हवे होते. शासन पडलेही, पण भलत्या ठिकाणी. आपल्या कायद्यांत, करांत आणि विम्यात गाडीचे आयुष्य मोजायचे एकच माप आहे आणि ते म्हणजे नोंदणीची तारीख. विम्यासाठी गाडीचे घोषित मूल्य ठरवताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट, वर्ष पूर्ण होईतो १५, आणि मग वाढत वाढत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के, असे जे कोष्टक वापरले जाते त्यात गाडी दहा हजार चालली की लाखभर याला स्थान नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्या पंधरा वर्षांत, धुराची पीयूसी तपासणी सोडली तर, गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग किंवा सस्पेन्शन कुणी पाहावे अशी सक्ती नाही. पंधरा वर्षे संपली की मात्र ती एकाएकी संशयित ठरते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेले, २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १० हजार झाले, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. २०२३ मध्ये मी माझ्या गाडीचे नूतनीकरण केले तेव्हा दिवे, वायपर आणि ब्रेक पाहिले गेले, चासी क्रमांक पडताळला गेला. ती किती चालली हे कुणी विचारले नाही.

दिल्लीने हेच तत्त्व टोकाला नेले. दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसरात मज्जाव करण्याचे हरित लवादाचे धोरण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरले. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही असे ठरले, आणि लोकांचा संताप पाहून ते काही दिवसांतच थांबवावे लागले. आठवड्यातून एकदा मंडईत जाणारी निवृत्त शिक्षिकेची पेट्रोल गाडी आणि रोज दोनशे किलोमीटर तुडवली जाणारी प्रवासी गाडी यांना एकाच तारखेला भंगारात काढणे याला पर्यावरणाचा विचार म्हणायचे असेल तर तो फार घाईत केलेला विचार आहे. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. ताडदेवला नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तिला निरोप देणारे लेख आपण सर्वांनी वाचले. ती गाडी वीस वर्षांत किती चालली आणि कशाच्या बळावर चालली, त्या दुरुस्तीच्या ज्ञानाचे पुढे काय होणार, याची चौकशी मात्र कुणी केलेली माझ्या वाचनात आली नाही.

जुन्या गाडीची बाजू घेणाऱ्याने दोन गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत आणि त्यांपैकी पहिली माझ्याच गाडीविरुद्ध जाते. भारत स्टेज या गाड्यांच्या धुराच्या सरकारी मानकांपैकी स्टेज तीनच्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम धूलिकण सोडायची मुभा होती, स्टेज सहामध्ये ती ०.००४५ ग्रॅम आहे, म्हणजे अकरा पटींनी कमी. माझी २००८ ची गाडी स्टेज तीनची. तिला कितीही जपले तरी ती त्या पिढीचीच राहणार, आणि पुण्यासारख्या शहराच्या गर्दीत अशी गाडी रोज चालवणे मला समर्थनीय वाटत नाही. कराडच्या रस्त्यावर ती चालवताना मी स्वतःची जी समजूत घातली ती पूर्णपणे निर्दोष होती असाही माझा दावा नाही. पण बारकाईने पाहिले तर हा मुद्दा वयाचा नाही, तंत्राचा आहे. एप्रिल २०१० मध्ये पुण्यात नोंदलेली स्टेज चारची गाडी आणि त्याच महिन्यात एखाद्या लहान जिल्ह्यात नोंदलेली स्टेज तीनची गाडी यांचे वय एकच असते, धूर एक नसतो. ज्याला धूर कमी करायचा आहे त्याने धूर मोजावा. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. चालकासमोरची एअरबॅग आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारे एबीएस सर्व मोटारींना २०१९ पासून सक्तीचे झाले; त्याआधीच्या बहुसंख्य स्वस्त गाड्यांत ते नाही, आणि ही उणीव कितीही चांगल्या देखभालीने भरून निघत नाही. आज मला पुन्हा गाडी घ्यायची झाली तर मी स्टेज चारच्या मागे जाणार नाही आणि एअरबॅगशिवाय घेणार नाही. किलोमीटर मात्र दीड लाख असले तरी चालतील.

ब्रिटनमध्ये खूप चाललेली इस्टेट रोजच्या वापराला घेणे ही मध्यमवर्गाची अगदी साधी सवय आहे. तिथे कुत्रा, मुलांच्या सायकली आणि तंबूचे सामान घेऊन हिंडायला लाखभर मैल, म्हणजे १ लाख ६० हजार किलोमीटर चाललेली गाडी घेताना माणूस फारसा कचरत नाही. तिथली माणसे आपल्यापेक्षा सद्गुणी आहेत असे नव्हे. मीटर मागे फिरवणारे तिथेही आहेत. फरक नोंदीचा आहे. १९६० मध्ये सुरू झालेली एमओटी नावाची वार्षिक तपासणी तिथे मोटारीला तिसऱ्या वर्षापासून सक्तीची आहे. त्या वेळी ब्रेक, टायर, सस्पेन्शन, गंज, धूर हे सारे पाहतात आणि मीटरवरचा आकडाही नोंदवतात. गाडीचा क्रमांक टाकला की गेल्या कैक वर्षांतल्या प्रत्येक तपासणीचा निकाल, नापास झाली असेल तर नेमकी कशामुळे, आणि त्या-त्या दिवशीचे मैल, हे सर्व कोणालाही सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते. एखाद्या वर्षी ९० हजार असलेला आकडा पुढच्या वर्षी ६० हजार झाला तर तो फसवणुकीचा पुरावा आपोआप तयार होतो. लंडनला राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीने गेल्या वर्षी अशीच एक गाडी घेतली. पाहायला जाण्यापूर्वी तिला घरबसल्या कळले होते, की गाडीचे पुढचे बुश दोन वर्षांपूर्वी बदलायला सांगितले गेले होते. विक्रेत्याने ते बदलल्याचे बिल आपण होऊन दाखवले, कारण ती विचारणार हे त्याला माहीत होते. बेल्जियमने २००६ पासून आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथे गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येक गॅरेजने आकडा मध्यवर्ती नोंदीत कळवायचा आणि जुनी गाडी विकताना त्या नोंदीचा दाखला दिल्याशिवाय विक्री करायची नाही, असा कायदाच आहे.

आपल्याला यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. पीयूसीची माहिती आज केंद्र सरकारच्या वाहन नोंदणी प्रणालीत जातच असते. त्या वेळी मीटरचा एक फोटो आणि आकडा घेणे सक्तीचे करावे. विमा दरवर्षी होतो आणि २०२२ पासून जेवढी गाडी चालवाल तेवढा हप्ता अशा योजनांना नियामकाने परवानगी दिल्यामुळे विमा कंपन्या मीटर वाचायला शिकल्याही आहेत. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम केले. त्यांत गाडी विक्रेत्याच्या ताब्यात असताना ती कोणी, कशासाठी आणि किती चालवली याची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणे बंधनकारक केले आहे. म्हणजे दुकानात गाडी वीस किलोमीटर चालली तर त्याची नोंद हवी आणि दुकानात येण्यापूर्वी ती दोन लाख चालली असेल तर त्याची नको, असा सध्याचा मामला आहे.

पीयूसी केंद्रे गाडी न पाहताच प्रमाणपत्र देतात, तिथे आकडा तरी खरा कोण लिहिणार, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. मात्र मीटर फिरवणाऱ्याला एकदा खोटे बोलून भागते, कारण मागचे काही लिहिलेले नसते. दरवर्षीच्या नोंदी, विम्याची नोंद आणि गॅरेजची नोंद या सगळ्यांत पहिल्या वर्षापासून एकसारखे खोटे पेरत जायला जो धीर आणि जी दूरदृष्टी लागते ती त्याच्यापाशी सहसा नसते. सगळ्या नोंदी शंभर टक्के खऱ्या नसल्या तरी आकडा मागे गेलेला दिसला एवढे पुरते. दुसरा आक्षेप खासगीपणाचा आहे, आणि तो मला तितकासा पटत नाही. वर्षातून एकदा नोंदलेल्या एकूण किलोमीटरवरून माणूस कुठे गेला हे कळत नाही. तो कुठे गेला हे सांगणारा फास्टॅग आपण केव्हाच काचेवर चिकटवला आहे.

तिसरे एक म्हणणे उघडपणे मांडले जात नाही, पण भंगार धोरणाच्या चर्चेत ते पार्श्वभूमीला असते. जुन्या गाड्या फार काळ चालल्या तर नव्या खपणार कशा? भारतात वर्षाला ४० लाखांहून अधिक नव्या प्रवासी मोटारी विकल्या जातात, त्यांच्यावर लाखो कामगारांचे पोट आहे, हे मी विसरलेलो नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण याच महाराष्ट्रात आहेत. पण प्रत्येक तालुक्यातल्या गॅरेजलाइनवरही पोटे आहेत, आणि नवी गाडी बनवताना पोलाद, काच आणि प्लास्टिक यांच्यापायी काही टन कार्बन वायू हवेत जातो, जो जुन्या गाडीपायी केव्हाच जाऊन चुकला आहे. उद्योग जगवायचा म्हणून चालती गाडी मोडायची असेल तर तसे स्पष्ट सांगावे, त्याला हवेच्या शुद्धतेचे नाव देऊ नये.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. खासगी मोटारीला पंधरा वर्षे मोकळे सोडून मग एकदम पकडण्याऐवजी सातव्या-आठव्या वर्षापासून दर दोन वर्षांनी साधी, खरी तपासणी असावी; तिचा निकाल आणि मीटरचा आकडा गाडीच्या क्रमांकावरून कोणालाही पाहता यावा; आणि शुल्क, कर व विमा हे त्या निकालाशी बांधलेले असावेत. जी गाडी धुरात, ब्रेकमध्ये, चासीच्या गंजात नापास होईल ती आठव्या वर्षीही रस्त्यावरून जावी, जी पास होईल ती अठराव्या वर्षीही राहावी. एवढेही जड वाटत असेल तर निदान मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ वर एक ओळ वाढवावी. या फॉर्मवर नोंदणी क्रमांक, चासी क्रमांक, इंजिन क्रमांक लिहितात, गाडी कोणी कोणाला कधी विकली ते लिहितात आणि त्याखाली सही असते. त्या सहीच्या वर 'आज मीटरवर असलेले किलोमीटर' एवढे छापायला काही खर्च येत नाही.

गेल्या वर्षी मी माझी ती लांब पाठीची गाडी विकली. मीटरवर २ लाख ४६ हजार किलोमीटर होते. पाहायला आलेल्या पाच जणांपैकी तिघे आकडा पाहून परतले, चौथ्याने माझ्याकडे आठ वर्षांच्या बिलांची फाइल आहे म्हटल्यावर 'एवढं काम निघालं होतं?' असे विचारले आणि तोही गेला. पाचवा फलटणकडचा रोपवाटिकेवाला होता. त्याने मागचे दार उघडले, मागची सीट पाडली, हाताच्या वितीने लांबी मोजली, रोपांचे किती ट्रे बसतील ते मनात धरले आणि मग बॉनेट उघडायला सांगितले. किंमत ठरल्यावर आम्ही एजंटाकडे बसून फॉर्म भरले. सही करण्याआधी मी फॉर्म २९ च्या समासात पेनाने '२,४६,३१० कि.मी.' असे लिहिले. एजंटाने ते पाहून कपाळाला हात लावला, असे जास्तीचे काही लिहिलेले खिडकीवर घेत नाहीत म्हणाला, आणि ड्रॉवरमधून दुसरा कोरा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला.